हुतात्मा राजगुरू : एका पिस्तुलामागे दोघे

भगतसिंग, राजगुरू, सुखदेव ही तीन नावे मराठी माणसाच्या ओठी एका दमात येतात. ती नेहमी एकत्र उच्चारली जात असल्याने त्यांतील प्रत्येकाचे स्वतंत्र आयुष्य काहीसे झाकले जाते. पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. भीमेच्या काठचे ते गाव आता राजगुरुनगर या नावाने ओळखले जाते. पण ज्याचे नाव गावाला मिळाले त्या तरुणाची ओळख बहुतेकांच्या लेखी फाशीच्या तारखेपुरतीच उरली आहे. २४ ऑगस्ट १९०८ ते २३ मार्च १९३१ असे जेमतेम साडेबावीस वर्षांचे आयुष्य राजगुरूंना लाभले. त्यातील निर्णायक प्रसंग नजरेखालून घातले, तर शौर्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते. ती म्हणजे शस्त्रांचा दुष्काळ. क्रांतिकारकांकडे माणसे होती, जिद्द होती, मरणाची तयारी होती. नव्हती ती पिस्तुले. जी होती ती केवढ्या आकाराची, कोणाच्या कपड्यांत लपतील आणि किती काडतुसांनिशी हाती येतील, यावर बेत ठरत आणि फिसकटतही.

हा दुष्काळ कायद्याने निर्माण केलेला होता. १८५७च्या उठावानंतर हिंदुस्थानी प्रजेच्या हाती शस्त्र राहू नये, ही सरकारची कायमची चिंता होती. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला आणि बंदूक बाळगणे, विकणे, आयात करणे हे सारे परवान्याच्या चौकटीत आले. परवानाधारक विक्रेत्याच्या वहीत प्रत्येक हत्याराची नोंद असे. पुण्यात तर हा विरोधाभास अधिकच बोचरा होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून सरकारसाठी काडतुसे तयार होत होती आणि त्याच पुण्याच्या परिसरातील क्रांतिकारकांना एकेक काडतूस मोजून वापरावे लागत होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण या चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. तेव्हापासून पुण्याच्या क्रांतिकार्याशी पिस्तुलाचे नाते जडले. राजगुरूंचा जन्म त्यानंतर अकरा वर्षांनी झाला. चाफेकरांच्या फाशीची कथा त्यांच्या पिढीने लहानपणापासून ऐकलेली होती.

क्रांतिकारकांना शस्त्राच्या आकाराची एवढी चिकित्सा का करावी लागे, हे समजण्यासाठी त्या काळच्या हत्यारांकडे थोडे पाहायला हवे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रीत बसविलेली असतात. ही चक्री, नळी आणि घोडा ज्या पोलादी सांगाड्यात बसतात, त्याच्या आकारावर हत्याराचे वजन, त्याची ताकद आणि ते लपविण्याची सोय अवलंबून असते. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९९ मध्ये मध्यम आणि १९०८ मध्ये मोठ्या सांगाड्याची रिव्हॉल्व्हर बाजारात आणली. त्याआधीपासून तिची लहान सांगाड्याची हत्यारेही विकली जात होती. मोठा सांगाडा जड काडतूस सोसतो आणि हातात स्थिर बसतो. पण सदऱ्याखाली तो दडत नाही. लहान सांगाडा खिशात मावतो, मात्र त्याची गोळी हलकी असते. ब्रिटिश सैन्याचे पहिल्या महायुद्धातील वेबली रिव्हॉल्व्हर किलोभराहून जड होते. पुढे १९३२ साली खुद्द ब्रिटिश सैन्यानेच नव्या शिपायांना हाताळायला सोपे म्हणून ०.३८ बोअरचे हलके रिव्हॉल्व्हर स्वीकारले. सैनिकाला ते उघडपणे कमरेला लावता येत होते, तरीही त्याला हलकेपणा हवासा वाटला. गुप्तपणे वावरणाऱ्या क्रांतिकारकाची गरज तर याहून कितीतरी अधिक होती.

रिव्हॉल्व्हरची चक्री दोन्ही बाजूंना फुगलेली असते, त्यामुळे ती कपड्यांवरून जाणवते. त्यामुळेच जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाच्या आराखड्यावर बनलेली चपटी स्वयंचलित पिस्तुले आली, तेव्हा जगभरच्या गुप्त संघटनांचे लक्ष तिकडे वळले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी १९०९ मध्ये २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर मुंबईला धाडली. पेटीच्या चोरकप्प्यात ती मावली, याचे श्रेय त्यांच्या आकाराला होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या याच पिस्तुलांपैकी एकातून. याच्या अगदी उलट उदाहरण बंगालचे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रॉडा कंपनीसाठी आलेली ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. माउझर लांब पल्ल्याचे, दहा काडतुसांचे, लाकडी दस्ता जोडला की छोट्या बंदुकीसारखे चालणारे. पण वजनाला किलोच्या वर आणि लपवायला अवघड. पुढची अनेक वर्षे देशभरच्या क्रांतिकारी गटांत हत्यारांची देवाणघेवाण होत राहिली. पैसा मिळेल तसे, ओळख निघेल तसे एखादे पिस्तूल हाती यायचे आणि ते पक्षाचे व्हायचे. ते कोणा एकाचे नसे. ज्याच्याकडे कामगिरी, त्याच्याकडे पिस्तूल, असा रिवाज होता.

अशा जगात राजगुरू पोहोचले ते घरातून निघून. वडील लहानपणीच वारले. थोरल्या भावाच्या देखरेखीखाली शिक्षण चालले होते. संस्कृतची गोडी होती. इंग्रजीशी मात्र कधी सूत जमले नाही. किशोरवयात अभ्यासावरून बोल लागल्यावर त्यांनी घर सोडले आणि नाशिकमार्गे काशी गाठली. तेथे संस्कृत पाठशाळेत लघुसिद्धान्तकौमुदीसारखे ग्रंथ त्यांनी मुखोद्गत केले. व्यायामाची आणि आखाड्याची आवड त्यांना होतीच. काशी हे त्या काळी उत्तरेतील क्रांतिकारकांचे मोठे केंद्र होते. ९ ऑगस्ट १९२५ रोजी शस्त्रांसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने काकोरीजवळ रेल्वेतील सरकारी खजिना लुटण्यात आला. डिसेंबर १९२७ मध्ये त्या खटल्यातील रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खाँ, रोशनसिंह आणि राजेंद्र लाहिरी यांना फाशी झाली. विस्कटलेली संघटना चंद्रशेखर आझादांनी पुन्हा बांधली आणि सप्टेंबर १९२८ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात तिला हिंदुस्थान समाजवादी प्रजासत्ताक सेना हे नवे रूप मिळाले. राजगुरू या पक्षात रघुनाथ या टोपणनावाने वावरत.

सहकाऱ्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींतून राजगुरूंचे जे चित्र उभे राहते, ते पुतळ्यांतील करारी चेहऱ्याहून वेगळे आहे. सावळा, किरकोळ वाटणारा, विनोदी, कोठेही आणि कसाही झोपी जाणारा हा तरुण एका बाबतीत मात्र हट्टी होता. पहिली कामगिरी आपल्याला मिळाली पाहिजे, हा त्याचा हेका असे. पोलिसांचा छळ आपण सोसू शकू की नाही, याची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी तापलेल्या लोखंडाने स्वतःची छाती भाजून घेतल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. भगतसिंगांशी त्यांची गाढ मैत्री होती आणि तितकीच तीव्र स्पर्धाही. ती कीर्तीसाठी नव्हती, मरणात पुढे राहण्यासाठी होती. नेमबाजीत त्यांचा हात चांगला होता. मात्र ज्याच्या हाताला नेम आहे त्याच्या हाती पिस्तूल असेलच, अशी परिस्थिती नव्हती.

याचा सर्वांत कटू अनुभव दिल्लीत आला. तेथील एका व्यक्तीला ठार मारण्याची जबाबदारी पक्षाने राजगुरू आणि शिव वर्मा यांच्यावर सोपविली होती. माणसे दोन आणि पिस्तूल एकच. नेम चुकला किंवा पाठलाग झाला, तर दुसऱ्याने काय करायचे? म्हणून दुसरे पिस्तूल आणण्यासाठी वर्मा लाहोरला गेले. ते परतेपर्यंत थांबायचे, असे ठरले होते. राजगुरूंना धीर धरवला नाही. योग्य संधी आली असे वाटून त्यांनी एकट्यानेच गोळी झाडली आणि अंधारातून, रेल्वेच्या कडेने पळत ते निसटले. वर्मांनी नोंदविलेल्या हकीकतीनुसार मेलेला मनुष्य दुसराच होता. ही हकीकत चरित्रांतून बहुधा गाळली जाते. ती गाळण्याचे कारण नाही. राजगुरूंचा उतावळेपणा त्यातून दिसतो, तसेच एका पिस्तुलाच्या अभावी दोन माणसांची जोडी फुटली की काय घडते, हेही दिसते. दुसरा माणूस सोबत असता, तर कदाचित ओळख पटविताना चूक झाली नसती. त्या चुकीची किंमत एका निरपराध माणसाने प्राणांनिशी मोजली.

३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरात सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीवर लाठ्या चालल्या. त्यात जखमी झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबरला निवर्तले. या मृत्यूचा बदला म्हणून लाठीहल्ल्याचा आदेश देणाऱ्या स्कॉट या पोलीस अधिकाऱ्याला मारायचे, असे पक्षाने ठरविले. बरोबर एका महिन्याने, १७ डिसेंबरच्या दुपारी, लाहोरच्या पोलीस कचेरीसमोर राजगुरू आणि भगतसिंग उभे राहिले. मागे दयानंद महाविद्यालयाच्या बाजूला आझाद पहारा करीत होते. स्कॉटला ओळखून इशारा देण्याचे काम जयगोपाल याच्याकडे होते. कचेरीतून एक गोरा अधिकारी बाहेर आला, मोटारसायकलीकडे वळला आणि इशारा झाला. राजगुरूंनी पहिली गोळी झाडली. अधिकारी कोसळला. मग भगतसिंगांनी पुढे होऊन आणखी गोळ्या घातल्या. मेलेला अधिकारी स्कॉट नव्हता. तो होता २१ वर्षांचा साँडर्स. पाठलाग करणारा चननसिंग हा हिंदी पोलीस आझादांच्या गोळीने ठार झाला. पिस्तूल हे जवळून चालवायचे शस्त्र आहे. परंतु लक्ष्य जवळ असले तरी ते कोण आहे, हे पिस्तूल सांगत नाही. दिल्ली आणि लाहोर, दोन्ही ठिकाणी नेम अचूक लागला आणि माणूस चुकला.

त्यानंतरची सुटका आकाराने लहान शस्त्रांचे महत्त्व दाखविते. २० डिसेंबरला भगतसिंग साहेबी वेशात, दुर्गादेवी व्होरा आपल्या लहान मुलासह त्यांच्या पत्नीच्या भूमिकेत आणि राजगुरू नोकराच्या वेशात लाहोरच्या स्थानकावर आले. सारे शहर पोलिसांनी वेढलेले होते. अशा वेळी ओव्हरकोटात दडणारे पिस्तूलच सोबत नेता येते. ०.३२ बोअरचे कोल्ट स्वयंचलित पिस्तूल भगतसिंगांचे झाले, त्यामागे हीच सोय होती. ब्राउनिंगच्याच आराखड्यावर १९०३ पासून बनणारे हे पिस्तूल पाऊण किलोहून कमी वजनाचे, आठ काडतुसांचे. त्याचा घोडा आत झाकलेला असल्याने खिशातून काढताना तो कापडात अडकत नसे. पहिल्या वर्गाच्या डब्यातील साहेबाकडे किंवा हातात सामान घेतलेल्या त्याच्या नोकराकडे कोणाचे लक्ष गेले नाही. राजगुरू लखनौला उतरले. भगतसिंग कलकत्त्याला पोहोचले.

एप्रिल १९२९ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकून स्वतः अटक करवून घेण्याचा बेत ठरला, तेव्हा राजगुरूंनी आपल्याला पाठविण्याचा आग्रह धरला. न्यायालयात पक्षाची भूमिका इंग्रजीत मांडावी लागेल आणि ती भाषा त्यांना येत नाही, म्हणून आझादांनी नकार दिला. निवेदन लिहून द्यावे, कौमुदी पाठ केली तसे तेही आपण घोकून म्हणून दाखवू, असा उपाय राजगुरूंनी सुचविला होता. तो मान्य झाला नाही. ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त गेले. बॉम्ब टाकल्यावर भगतसिंगांनी आपले पिस्तूल पोलिसांच्या स्वाधीन केले. ते तेच कोल्ट होते.

येथून पिस्तुलाची भूमिका बदलली. १९२७ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका पोलीस शिपायाच्या खुनाच्या खटल्यात काडतुसावरील सूक्ष्म खुणांवरून रिव्हॉल्व्हर ओळखण्यात आले होते आणि १९२८ मध्ये त्या पुराव्याच्या आधारे दोघांना फाशी झाली होती. प्रत्येक हत्यार काडतुसावर आपली खूण सोडते, हे तत्त्व न्यायालयांनी तेव्हा नुकतेच स्वीकारले होते. त्या खटल्याशी संबंधित लंडनचे शस्त्रतज्ज्ञ रॉबर्ट चर्चिल यांची साक्ष लाहोर कट खटल्यातही घेण्यात आली. साँडर्सवर झाडलेल्या गोळ्यांचा संबंध भगतसिंगांच्या पिस्तुलाशी जोडला गेला. हत्यारांची चणचण नसती, तर लाहोरात वापरलेले पिस्तूल कोणीही चार महिन्यांनी दिल्लीला नेले नसते. ते केव्हाच नदीत गेले असते. ज्यांच्याकडे मोजकीच शस्त्रे असतात, त्यांना पुरावा टाकून देणेही परवडत नाही.

१५ एप्रिलला लाहोरचा बॉम्ब कारखाना पोलिसांच्या हाती लागला आणि एकामागून एक सहकारी पकडले जाऊ लागले. काही जण माफीचे साक्षीदार झाले. त्यात साँडर्सच्या वेळी इशारा देणारा जयगोपालही होता. राजगुरू महाराष्ट्रात परतले. मराठी मुलुखात भाषा आपली, वेश आपला, त्यामुळे लपणे सोपे. पण ओळखणारेही अधिक. पंजाबात रघुनाथ म्हणून वावरणारा तरुण पुण्यात खेडच्या राजगुरूंचा शिवराम होता. ३० सप्टेंबर १९२९ रोजी पुण्यातच ते शस्त्रासह पकडले गेले. ज्या शहराच्या वेशीजवळ चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली होती, त्याच शहरात लाहोरची पहिली गोळी झाडणारा पोलिसांच्या हाती लागला. तेथून त्यांची रवानगी लाहोरला झाली. सतरा दिवसांपूर्वी, १३ सप्टेंबरला, त्याच तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी ६३ दिवसांच्या उपोषणानंतर देह ठेवला होता.

खटला रेंगाळतो आहे असे पाहून व्हाइसरॉयने १ मे १९३० रोजी वटहुकूम काढला आणि तीन न्यायाधीशांचे खास न्यायमंडळ नेमले. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपिलाची सोय ठेवली नव्हती. ७ ऑक्टोबर १९३० रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी, प्रथेप्रमाणे पहाटेची वाट न पाहता, ती अमलात आणली गेली. लोकक्षोभाच्या भीतीने पार्थिवे रातोरात तुरुंगाबाहेर काढून फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी अग्नी देण्यात आला. दोन वर्षांपूर्वी विधिमंडळाची कामगिरी नाकारली गेली, तेव्हा भगतसिंग आपल्या पुढे निघून गेले, याचे राजगुरूंना शल्य होते. अखेरीस दोघे एकाच वेळी गेले.

फाशीनंतर चारच महिन्यांनी, २२ जुलै १९३१ रोजी, पुन्हा पुण्यात गोळी झाडली गेली. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसनवर अगदी जवळून रिव्हॉल्व्हर चालविले. खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली आणि हॉटसन बचावला. गोगटे शिक्षा भोगून आले, वकील झाले आणि पुढे पुण्याचे महापौरही झाले. लाहोरात गोळी लागली आणि ती झाडणारा फासावर गेला. पुण्यात गोळी एका बटणावर अडली आणि ती झाडणाऱ्याला पुढचे सारे आयुष्य मिळाले. एका इंचाच्या फरकाने माणसांची नशिबे किती वेगळी होतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

आझादांचे कोल्ट पिस्तूल प्रयागराजच्या, म्हणजे पूर्वीच्या अलाहाबादच्या, संग्रहालयात आहे. भगतसिंगांचे कोल्ट अनेक वर्षे इंदूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या संग्रही होते. त्यावरील क्रमांकामुळे २०१६ मध्ये त्याची ओळख पटली आणि २०१७ मध्ये ते हुसैनीवाला येथे नेण्यात आले. ज्या भूमीवर तिघांना अग्नी दिला गेला, ती फाळणीत पाकिस्तानात गेली होती; १९६१ मध्ये गावांच्या अदलाबदलीने ती भारतात आली. ही पिस्तुले पाहताना त्यांचा लहानसा आकार प्रथम डोळ्यांत भरतो. एवढेसे हत्यार मिळविण्यासाठी खजिने लुटले गेले, माणसे शेकडो मैल हिंडली आणि एका पिस्तुलाची दोघांत वाटणी होऊ शकली नाही म्हणून एक बेत भलत्याच माणसाच्या जिवावर उठला. राजगुरूंचे मोठेपण मानताना ही बाजू दृष्टीआड करण्याची गरज नाही. ज्या राज्याने प्रजेला निःशस्त्र केले आणि सनदशीर मिरवणुकीवर लाठ्या चालविल्या, त्याला उत्तर देण्यासाठी खेडच्या या संस्कृत शिकलेल्या तरुणाजवळ मोजकी काडतुसे होती आणि स्वतःचा प्राण होता. काडतुसे पक्षाची होती, ती त्याने मागून घेतली. प्राण स्वतःचा होता, तो देण्यासाठी त्याला कोणाकडे काही मागावे लागले नाही.